वेलनमध्ये अडकलास तर : ‘विचर ३’ आणि त्याची दोन एक्सपान्शन्स

प्रश्न विचारणारा मुलगा कोथरूडला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने सेलमध्ये ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ची कम्प्लीट एडिशन घेतली, म्हणजे मूळ गेम आणि त्याला नंतर जोडलेल्या दोन गोष्टी (एक्सपान्शन्स). तीस तास खेळून लेव्हल ९ वर आलाय आणि अजून वेलनमध्येच, म्हणजे गेमच्या सुरुवातीच्या चिखल-दलदलीच्या प्रदेशातच, फिरतोय. तिथल्या बॅरनला, म्हणजे त्या मुलखाच्या सरदाराला, एकदा भेटून आला, मग नकाशावरची प्रश्नचिन्हं पुसायला निघाला, ती काही संपेनात. तो म्हणतो : “ताई, सगळे हा गेम एवढा डोक्यावर घेतात, मग मलाच का कंटाळा येतोय? मेन स्टोरी सोडून सरळ ‘ब्लड अँड वाइन’ सुरू केलं तर चालेल का? आणि ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ नेमकं कधी खेळायचं?”

आधी सरळ उत्तर. हो, थेट सुरू करता येतं. नवा गेम सुरू करताना नुसतं ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ किंवा नुसतं ‘ब्लड अँड वाइन’ निवडायची सोय आहे, त्या त्या लेव्हलचा तयार गेराल्ट (आपण ज्याच्या रूपात खेळतो तो विचर, पैसे घेऊन राक्षस मारणारा) हातात मिळतो. पण तसं करू नकोस. आधी मेन स्टोरी पुरी कर, मग ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि सगळ्यात शेवटी ‘ब्लड अँड वाइन’. का ते पुढे सांगते. तुझा कंटाळा मात्र आधी सोडवू, कारण तो घेऊन तूसाँला, ‘ब्लड अँड वाइन’च्या प्रदेशात, गेलास तर तिथेही महिनाभरात हेच होईल.

माझं काम गेम टेस्टिंगचं आहे. विचर ३ आला १९ मे २०१५ ला, मी त्याच आठवड्यात घेतला. आजवर पाच वेळा पुरा केलाय, त्यातला दोनदा ‘डेथ मार्च’ या सगळ्यात कठीण पातळीवर. पण पहिल्या वेळी मी अगदी तुझ्यासारखीच खेळले. टेस्टरला कोपरा न कोपरा तपासायची सवय लागलेली असते. वेलन साफ केलं, नोविग्राडच्या बाहेरचा सगळा पट्टा साफ केला, मग स्केलिगेच्या समुद्रात होडी घालून तरंगती पिंपं गोळा करत बसले. प्रत्येक पिंपाभोवती सायरन नावाच्या पंखवाल्या राक्षसिणी घिरट्या घालतात. होडीतून त्यांना बाणाने पाडायचं, पाण्यात उडी मारायची, लूट घ्यायची, पुन्हा होडीत चढायचं. असे कित्येक शनिवार-रविवार गेले. आणि सिरी, गेराल्टने लेकीसारखी वाढवलेली मुलगी, सापडते तो प्रसंग अखेर आला तेव्हा मला काही म्हणजे काही वाटलं नाही. ज्या भेटीसाठी अख्खा गेम रचलाय ती भेट मी एक काम उरकल्यासारखी बघितली. गेम बंद केला तो थेट दिवाळीच्या सुट्टीत उघडला, पहिल्यापासून, आणि त्या वेळी एकच नियम पाळला : नकाशा बघून कुठे जायचं नाही, कुणीतरी काहीतरी सांगितलं म्हणून जायचं. तेव्हापासून हा गेम मला सोडवत नाही.

हा नियम निव्वळ भावनेपोटी सांगत नाहीये, गेमची बांधणीच तशी आहे. अनुभवाचे बहुतेक गुण क्वेस्टमधून, म्हणजे कुणीतरी सोपवलेल्या कामगिरीतून, मिळतात. राक्षसांची बिळं, लुटारूंचे तळ, राखलेले खजिने या प्रश्नचिन्हांतून गुण अगदीच थोडे मिळतात. शिवाय एखाद्या क्वेस्टला सुचवलेल्या लेव्हलपेक्षा तू सहा लेव्हल पुढे गेलास की ती क्वेस्ट यादीत राखाडी दिसते आणि तिचे गुण नावापुरतेच उरतात. म्हणजे आडवातिडवा भटकून तू बलवान होत नाहीस, फक्त चांगल्या गोष्टी तुझ्यासाठी शिळ्या होतात. प्रश्नचिन्हांपैकी एकच प्रकार वाट वाकडी करून गाठावा, ‘प्लेस ऑफ पॉवर’. तिथे पहिल्यांदा शक्ती घेतली की एक ॲबिलिटी पॉइंट मिळतो. व्हाइट ऑर्चर्डच्या एवढ्याशा नकाशात तसे सहा आहेत, राहिले असतील तर परत जाऊन घे. बाकीची प्रश्नचिन्हं सेटिंगमध्ये जाऊन लपवून टाक. मिनिमॅपही बंद करता येतो. निदान गावात शिरल्यावर तरी कर.

आता ‘कुणीतरी सांगितलं म्हणून’ म्हणजे काय ते बघ. व्हाइट ऑर्चर्डच्या नोटीस बोर्डावर एका विहिरीचं काँट्रॅक्ट आहे. तू केलं असशील, पण बहुधा खुणेमागे पळत केलं असशील. ओडोलन नावाच्या माणसाची मुलगी आजारी आहे, तिला चांगलं पाणी हवंय, आणि ते ज्या विहिरीत आहे तिथे बाई दिसते. रात्री नाही, ऐन दुपारी. ती नूनरेथ. आपल्याकडे आजी सांगायची ना, भर बाराला पिंपळाखालून जाऊ नकोस म्हणून? स्लाव्ह लोकांच्या शेतातही ही भीती अशीच दुपारी उभी असायची, गेमवाल्यांनी तिला तिथूनच उचललंय. ओसाड पडलेल्या त्या वाडीत शिरलास की आधी तलवार काढू नकोस. घरं बघ, सांगाडे बघ, डायरी वाच. विहिरीत डोकावलं की दोराला लटकलेलं प्रेत दिसतं. खाली उडी मारून पाण्यात बुडी घेतली की तळाशी तिचं ब्रेसलेट सापडतं. त्या ब्रेसलेटने तिला या जागेशी बांधून ठेवलंय. ते तिच्या अवशेषांबरोबर जाळायचं आणि मग उन्हात तिची वाट बघायची. नुसती तलवार चालवलीस तर ती धुक्यासारखी निसटते. जमिनीवर यर्डन या साइनचं (विचरच्या छोट्या मंत्राचं) वर्तुळ टाकलंस की त्यात आल्यावर तिला देह येतो, चांदीची तलवार लागायला लागते. मध्येच ती आपल्या छाया उभ्या करते तेव्हा घाबरून पळू नकोस, वर्तुळ पुन्हा टाक.

सगळा गेम या एका विहिरीत आहे. शनिवारवाड्यातल्या ‘काका मला वाचवा’ची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या हाकेच्या मागे १७७३ सालचा नारायणरावांचा खून आहे म्हणून ती अंगावर येते, नुसत्या ओरडण्याने आली नसती. विचर ३ मधल्या बहुतेक प्रत्येक भुतामागे असा एक खून, एक फसवणूक, एखादं अर्धवट राहिलेलं कार्य असतं. ते शोधणं हेच विचरचं काम, लढाई त्याच्या शेवटी येते.

म्हणून बेस्टिअरी, गेममधली राक्षसांची नोंदवही, वाचायची सवय लाव. प्रत्येक राक्षसाच्या पानावर त्याला कोणतं तेल, कोणता बॉम्ब, कोणतं साइन लागू पडतं ते लिहिलेलं असतं. तेल एकदा बनवलं की संपत नाही, लढाईआधी पात्याला लावायचं एवढंच. काढे आणि बॉम्बही पुन्हा पुन्हा बनवावे लागत नाहीत. जवळ अल्कोहेस्टसारखं कडक मद्य ठेवून मेडिटेशन केलं की रिकाम्या कुप्या आपोआप भरतात. तू लिहिलंस की जडीबुटी गोळा करण्यात तास गेले. त्याची गरजच नव्हती. एकदा बनवण्यापुरती सामग्री पुरते.

लढाईबद्दल आणखी दोनच गोष्टी, कारण बाकीचं हाताला आपोआप जमतं. एक, कौशल्यावर पॉइंट टाकला म्हणजे ते चालू झालं असं नाही. ते स्लॉटमध्ये बसवावं लागतं, आणि शेजारी त्याच रंगाचा म्युटाजेन (राक्षसांतून मिळणारा अर्क) लावला तर फायदा वाढतो. माझा भाचा पंधरा तास खेळला होता आणि त्याची सगळी कौशल्यं स्लॉटबाहेर पडून होती. तुझंही तपास. दुसरं, ‘ब्लड अँड ब्रोकन बोन्स’ आणि ‘डेथ मार्च’ या वरच्या दोन पातळ्यांवर मेडिटेशनने जखमा भरत नाहीत. तिथे अन्नावर जगावं लागतं, म्हणून सुरुवातीलाच ‘गुर्मे’ हे कौशल्य घे. एक घास खाल्ला की वीस मिनिटं तब्येत भरत राहते. पहिल्यांदा खेळताना या दोन्हींच्या खालची पातळी ठेव. चिलखताचं म्हणशील तर दुकानात पैसे घालवू नकोस. विचर शाळांचे संच शोध : ग्रिफिन लेव्हल ११ ला, वुल्फ १४ ला, कॅट १७ ला, बेअर २० ला घालता येतो. तुला दोनच लेव्हलवर ग्रिफिन आहे. साइन वापरायला आवडत असतील तर तोच घे.

आता बॅरन. तू त्याच्याकडून निघून प्रश्नचिन्हांत शिरलास तिथेच तुझा गेम हातातून सुटला. परत जा. त्याची बायको आणि मुलगी घरातून नाहीशा झाल्यात, आणि तो जे सांगतो त्यातलं किती खरं ते तुला घरातल्या डागांवरून, तुटलेल्या वस्तूंवरून शोधायचंय. त्यातला एकच प्रसंग सांगते, शेवट सांगत नाही. त्यांचं एक मूल जन्माआधीच गेलेलं असतं आणि त्याला विधी न करता, नाव न ठेवता पुरलेलं असतं. ते बॉचलिंग होऊन उठतं. तुझ्यापुढे दोन वाटा असतात. मारून टाकणं सोपं आहे. दुसरी वाट अशी की बापाने त्या भयंकर बाळाला रात्री दोन्ही हातांवर घेऊन घरापर्यंत चालायचं आणि तू शेजारून चालायचं. बाळ चवताळतं, तू ॲक्सी या साइनने त्याला शांत करायचं. तो धिप्पाड, दारुडा, ज्याच्याबद्दल तुला चीड यायला लागलेली असते असा माणूस त्या बाळाकडे बघवत नसतानाही हात ढिले करत नाही. घरी पोचल्यावर उंबरठ्याशी त्याला खड्ड्यात ठेवायचं, आणि बापाने त्याला नाव द्यायचं, मुलगी म्हणून आपलं म्हणायचं. त्या रात्री मी कंट्रोलर खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आमच्या घरी अजून उंबरठ्याला हळदकुंकू लावतात, उंबरठ्यावर बसू देत नाहीत. बारशाचं महत्त्व आणि उंबरठ्याचं महत्त्व मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पोलंडमधल्या लोकांनी केलेला गेम पुण्यातल्या पेठेत वाढलेल्या मुलीला इतका आतून का कळतो याचं उत्तर मला तिथे मिळालं.

वेलन अशा गोष्टींनी भरलेलं आहे. पेलर नावाचा मांत्रिक आहे, त्याची ‘प्रिन्सेस’ हरवलीय, ती निघते शेळी. घंटी वाजवत तिला घरी आणायचं. ही क्वेस्ट कर, कारण त्याच पेलरकडे पुढे ‘फोरफादर्स ईव्ह’ आहे. फाइक बेटावर रात्री गावकरी गोल करून बसतात आणि गेलेल्यांना बोलावतात. स्लाव्ह परंपरेतल्या ‘जाडी’ नावाच्या विधीवरून हे घेतलंय. आपली सर्वपित्री अमावस्या आठवल्याशिवाय राहत नाही. कुणाच्या पितरांना शांत करायचं आणि कुणाची पितरं यायला तयार नाहीत, हे तिथे नीट ऐक.

नोविग्राडला गेल्यावर आणखी एक काम कर. तू पुण्यात वाढलायस, पेठेतले पत्ते आपण कसे सांगतो ते तुला ठाऊक आहे : पासोड्या विठोबापासून डावीकडे, मग जिलब्या मारुती विचार. नोविग्राड तसं पाठ कर. हायरार्क स्क्वेअर, मासळी बाजार, ‘रोझमेरी अँड थाइम’, ‘किंगफिशर’ खानावळ, व्हिव्हाल्डीची पेढी. (ओरेन आणि फ्लोरेन साठले असतील तर या पेढीत क्राउनमध्ये बदलून मिळतात, तसेच पिशवीत घेऊन फिरू नकोस.) दोन दिवस मिनिमॅपशिवाय चाललास की शहर तुझं होतं, आणि मग चौकात जादूगारांना जाळायला उभी केलेली चिता दिसते तेव्हा ती परक्या गावातली वाटत नाही. ग्वेंट हा गेममधला पत्त्यांचा खेळही इथेच रंगतो. मेंढीकोट खेळणाऱ्या घरातला असशील तर हातची चांगली पानं कधी राखायची हे तुला शिकवावं लागणार नाही. तीन फेऱ्यांपैकी दोन जिंकायच्या असतात, म्हणून पहिली मुद्दाम हरून समोरच्याची पानं संपवणं हा सगळ्यात उपयोगी डाव आहे. हेर पान मिळालं की सोडू नकोस. ते समोरच्याच्या बाजूला टाकावं लागतं, पण तुला दोन नवी पानं देतं.

आता एक ताकीद, आणि ती गंभीरपणे घे. ‘आइल ऑफ मिस्ट्स’ला जायची वेळ येते, साधारण लेव्हल २२ च्या सुमारास. त्याआधी साइड क्वेस्टची यादी उघडून बस. ट्रिसची ‘नाऊ ऑर नेव्हर’, येनेफरची ‘द लास्ट विश’ (दोघी गेराल्टच्या जवळच्या जादूगारणी), माजी हेरप्रमुख डायक्स्ट्रा आणि सैनिक रोश यांची ‘रीझन ऑफ स्टेट’ या तिकडे जाण्याआधी पुऱ्या झाल्या पाहिजेत, नंतर त्या बंद होतात. जादूगारीण किएरा आणि विचर लँबर्ट यांच्या गोष्टीही आधीच उरक, पुढे केअर मोर्हेन या विचरांच्या किल्ल्यावरच्या लढाईला माणसं लागतात. मी पहिल्या वेळी ‘रीझन ऑफ स्टेट’पर्यंत पोचलेच नाही, कारण तिच्याआधीची डायक्स्ट्राची क्वेस्ट राखाडी झालीय म्हणून मी ती बाजूला सारली होती. उत्तरेकडच्या राज्यांचं पुढे काय होणार हे त्यावर ठरतं, हे मला शेवटी कळलं. माणसांच्या क्वेस्ट राखाडी झाल्या तरी कर. राखाडी झाल्यावर सोडायची ती बिळं आणि खजिने. आणि सिरी भेटल्यानंतर तिच्याशी बोलताना जे पर्याय येतात ते ‘बरोबर उत्तर’ शोधून निवडू नकोस. ती मोठी झालीय हे ध्यानात ठेवून बोल. शेवट त्यातूनच घडतो.

बेट पार झालं की मात्र थांबू नकोस. तिथून शेवटापर्यंतचा ओघ एका दमाचा आहे. मध्येच ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ उघडायचा मोह होईल, पण त्याची क्वेस्ट लेव्हल ३२ ची आहे आणि तेव्हा तू तेवढा तयार नसशील. शिवाय जगबुडी तोंडावर असताना गेराल्ट लग्नाच्या मांडवात नाचतोय हे मनाला पटत नाही. मेन स्टोरी संपली की गेम तुला पुन्हा जगात सोडतो. एक-दोन दिवस जाऊ दे, मग सेव्हन कॅट्स खानावळीबाहेरच्या नोटीस बोर्डाकडे जा.

‘हार्ट्स ऑफ स्टोन’ १३ ऑक्टोबर २०१५ ला आलं. साधारण दहा तासांचं. नवा प्रदेश फारसा नाही, म्हणून काहीजण त्याला कमी लेखतात. माझ्या मते सगळ्या विचर ३ मधली सगळ्यात घट्ट विणलेली गोष्ट हीच. तुला आठवतो का, व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत अगदी सुरुवातीला एक टकला व्यापारी भेटतो, येनेफरचा माग काढायला मदत करतो आणि निघून जातो? गाँटर ओ’डिम. मे महिन्यात पाच मिनिटं दिसलेला माणूस ऑक्टोबरमध्ये गोष्टीच्या मध्यभागी येऊन बसतो. थेट एक्सपान्शन सुरू करू नकोस म्हणते ते यासाठीही. तो पहिल्यांदा किती साधा, किती मदतीला तत्पर वाटला होता हे तुला आठवत असलं पाहिजे. पोलंडमध्ये सैतानाशी करार करणाऱ्या पान त्वार्दोव्स्कीची लोककथा आहे. कराराच्या अटीतल्या एका शब्दात माणूस कसा अडकतो हा तिचा गाभा. इथे ओल्गिएर्ड फोन एव्हेरेक हा तो माणूस, आणि तीन इच्छा पुऱ्या करायचं काम गेराल्टच्या गळ्यात.

पहिलीच लढाई गटारातल्या अजस्र बेडकाशी आहे. त्याचं विष जबर असतं, ‘गोल्डन ओरिओल’ पिऊन उतर. लग्नाचा प्रसंग घाईने खेळू नकोस. मेलेल्या माणसाचा आत्मा गेराल्टच्या अंगात शिरून एक रात्र मजा करतो. डुकरं हाकायची, तळ्यात बुडी मारून जोडा काढायचा, सगळं कर. शानी या गेराल्टच्या जुन्या मैत्रिणीशी नीट बोल, तिला बऱ्याच वर्षांनी कुणीतरी आपलं भेटलंय. फावडं घेतलेल्या, चेहरा नसलेल्या केअरटेकरशी लढताना लक्षात ठेव की त्याचा फटका तुला बसला की त्याची जखम भरते. म्हणजे जोरात मारण्यापेक्षा मार न खाणं महत्त्वाचं. आणि तो राखतो त्या ओल्गिएर्डच्या घराच्या आत गेल्यावर त्याच्या बायकोच्या, आयरिसच्या, आठवणींच्या चित्रात शिरायचं असतं. संसार कसा उसवत गेला ते तू एकेक वस्तू जागच्या जागी ठेवत उभं करतोस. कुणी आरडाओरडा करत नाही. प्रेम संपल्याचं दुःख व्हिडिओ गेममध्ये इतक्या हळू आवाजात मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पैशांचं एक : यात ओफिर या दूरच्या देशाहून आलेला रुनराइट (शस्त्रांवर जादूचे शब्द कोरणारा कारागीर) आहे. त्याचं दुकान पूर्ण लावायला ५,०००, १०,००० आणि १५,००० असे मिळून ३०,००० क्राउन द्यावे लागतात. तलवारी-चिलखतांवर तो कोरतो ते शब्द शेवटपर्यंत उपयोगी पडतात, त्यामुळे मेन स्टोरीत उधळपट्टी करू नकोस. लिलावाच्या प्रसंगात चित्र विकत घेता येतं, ते घे. ते टांगायला भिंत तुला पुढे मिळणार आहे.

ती भिंत ‘ब्लड अँड वाइन’मध्ये आहे. हे आलं ३१ मे २०१६ ला, निदान वीस तासांचं, आणि लेव्हल ३४ ला सुरू करावं असं गेम सुचवतो. दोन सरदार वेलनच्या चिखलात तुला शोधत येतात आणि तूसाँला नेतात. वेलननंतर तिथला उजेड डोळ्यांवर येतो. नारायणगावकडच्या द्राक्षबागा हिवाळ्यातल्या सकाळी पाहिल्या असशील तर तुला थोडी कल्पना येईल. पण हा उजेड लागायला आधी चिखलात पाय रुतलेले हवेत. थेट इथून सुरू केलंस तर तूसाँ फक्त सुंदर दिसेल. वेलन, बॅरन, नोविग्राडच्या चिता, केअर मोर्हेनची लढाई या सगळ्यातून आलास तर तिथल्या पहिल्या सकाळी गेराल्टच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं तुला स्वतःला जाणवेल.

काम असतं ‘बीस्ट ऑफ बोक्लेर’चा माग काढायचं. गेराल्टचा जुना मित्र रेजिस भेटतो. त्याच्याबरोबर स्मशानात बसून बोलायची जी जी संधी मिळेल ती घे. रेजिसचा मित्र डेटलाफ याच्याबद्दल मत बनवायची घाई करू नकोस, आणि सियानाबद्दलही. सियाना आणि तिची बहीण, तूसाँची डचेस, यांच्या लहानपणी काय झालं ते पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय शेवटचे निर्णय घेतलेस तर पस्तावशील. आणि तुला कोर्व्हो बियांको नावाचा द्राक्षमळा मिळतो. पडकं घर असतं. आयुष्यभर खानावळीत आणि झाडाखाली झोपलेल्या माणसाला स्वतःचा पलंग मिळतो. घर दुरुस्त कर, तबेला बांध, त्याने रोचचा, गेराल्टच्या घोड्याचा, दम वाढतो. बाग लाव, तलवारी भिंतीवर मांड, लिलावातलं चित्र टांग. हे करताना मी एकदा संध्याकाळभर कुठलीही क्वेस्ट केली नाही.

खेळाच्या बाजूनेही इथे भर आहे. प्रोफेसर मोरोच्या प्रयोगशाळेची क्वेस्ट लवकर कर, तिथून म्युटेशन्स, म्हणजे वरच्या दर्जाची खास कौशल्यं, उघडतात. काढे जास्त पिणाऱ्यासाठी ‘युफोरिया’ सगळ्यात ताकदवान आहे. अंगात विष जितकं जास्त तितका तलवारीचा आणि साइनचा मार वाढतो, आणि एका डिकॉक्शनचंच (जालीम काढ्याचंच) विष ७० असतं. मी स्वतः ‘पिअर्सिंग कोल्ड’ वापरते, आर्ड हे साइन टाकलं की समोरचे गोठू शकतात. विचर शाळांचे ग्रँडमास्टर संच लेव्हल ४० चे आहेत आणि बोक्लेरमध्ये बनवून मिळतात.

आणि क्रमाचं सगळ्यात मोठं कारण : ‘ब्लड अँड वाइन’च्या अगदी शेवटी कोर्व्हो बियांकोत तुला कोणीतरी भेटायला येतं. कोण येतं, हे तू मेन स्टोरीत कुणाला काय म्हणालास, कुणाला जवळ केलंस, सिरीशी कसा वागलास त्यावर ठरतं. थेट सुरू केलेल्या गेममध्येही कुणी येईल, पण ते तू कमावलेलं माणूस नसेल.

मशीनचं थोडक्यात. तुझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे म्हणतोस. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर रे ट्रेसिंग आलंय, ते बंद ठेव, लाँचरमधून डीएक्स ११ निवड, हेअरवर्क्सही बंद कर. एवढ्याने गेम सुरळीत चालतो. त्याच अपडेटमध्ये साइन झटपट टाकायची सोय आलीय, ती चालू कर, लढाईत फार बरं पडतं. आणि हाताने सेव्ह करत जा, पीसीवर एफ ५. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, तसे एकदा माझे दोन तास गेलेत. बॅटरीचा भरवसा नसेल तर गुरुवारी दुपारी मोठी क्वेस्ट काढू नकोस.

तर आज रात्री असं कर : प्रश्नचिन्हं लपव, स्लॉट तपास, क्रोज पर्चला, बॅरनच्या गढीत, परत जा आणि बॅरनच्या बायकोच्या खोलीपासून सुरुवात कर. बॉचलिंगपाशी पोचलास की तलवार लगेच काढू नकोस. पुढे काय झालं ते मला कळव.